लाल खूण

लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली, आणि ती रोजच्या सवयीने न बघताच बाहेर पडायला गेली. अंगठा काठावर आपटला, काखेतली कागदाची गुंडाळी सुटून कॉरिडॉरमध्ये उलगडत गेली आणि ती गुडघ्यांवर आली. मागे आस्थापना विभागातला कारकून होता. सगळ्यांच्या रजा त्याच्या हातात, म्हणून त्याला सुट्टीशेठ म्हणत. त्याने आधी हात दिला, मग गुंडाळीचं टोक पकडलं आणि म्हणाला, "अहो मॅडम, मजला कुठे पळून जातोय? तो आहे तिथेच आहे. लिफ्टच खाली थांबली." ती हसली. अशा वेळी हसायचंच असतं. पडलेल्या माणसाने हसलं नाही तर उचलणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. पण आपल्या खोलीत येऊन, दार लोटून ती खुर्चीत बसली तेव्हा अंगठ्यापेक्षा ते वाक्यच जास्त ठणकत होतं. तो आहे तिथेच आहे. काल कागद बघितल्यापासून जी शंका मनात होती, आणि जिला तिने 'डोळे दुखतायत, उद्या बघू' म्हणून झाकून ठेवलं होतं, तिच्यावरचं झाकण सुट्टीशेठने चेष्टेत उडवलं होतं. त्या बिचाऱ्याला काय कल्पना.

खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर तिने कागद पसरले. खाली गेल्या वर्षीचा, वर यंदाचा. तेच उथळ तळं, पूर्वेच्या काठापासून पंपघरापर्यंत नाव सरळ नेऊन काढलेला तळाखालचा तोच छेद. नावेच्या मागे एक धातूची पट्टी तरंगत असते, ती पाण्यात टक् टक् ठोके देत जाते. ठोका खाली जातो, तळाच्या गाळात शिरतो, गाळाची जात जिथे बदलते तिथून थोडा थोडा परत येतो, आणि मागून ओढत आणलेली तेल भरलेली लांब नळी तो परतलेला आवाज ऐकते. ऐकलेलं सगळं कागदावर काळ्या रेघांनी उमटतं. एवढाच तिचा धंदा. दार ठोठावायचं आणि आतून कोण ओ देतंय ते लिहून घ्यायचं. तिने तळाची रेघ तळाच्या रेघेवर बसवली. बसली. त्याखालचा मऊ चिखल बसला. शिंपल्यांचा पातळ थर बसला, अगदी केसाचाही फरक नाही. आणि सगळ्यात खालची ती जाड काळी रेघ, जिच्यामुळे हे तळं सगळ्यांना माहीत झालं होतं, ती यंदा वर आली होती. दीड मीटर. तिने कागद सरकवून पाहिला, उलटा करून पाहिला, चष्मा पुसला. रेघ वरच होती. हजारो वर्षं गाळाखाली पडलेला थर एका वर्षात कूस बदलून वर सरकत नाही. यंदा तळ्याच्या दरवाज्याची दुरुस्ती निघाली म्हणून पाणी सोडलं होतं, आणि काठावरच्या खांबावर पाणी लाल खुणेच्या दीड मीटर खाली गेलं होतं. तो आकडा तिने स्वतः वाकून वाचला होता. पाणी जेवढं उतरलं, तेवढाच थर वर आला होता.

ह्याचा अर्थ काय, हे तिच्याकडे नव्याने आलेल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. तीच तर पहिल्या दिवशी फळ्यावर काढून शिकवायची. आवाज तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाला खालून धडकतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा तळावर आपटतो आणि दुसऱ्यांदा परत येतो. यंत्राला अक्कल नसते. उशिरा आलं म्हणजे खोलातून आलं, एवढंच त्याला कळतं, म्हणून ते तळाच्या खाली आणखी एक तळ काढून मोकळं होतं. पाणी जेवढं खोल, खऱ्या तळाखाली तेवढ्याच खोलीवर. पाणी उतरलं की हा खोटा तळ वर येतो. खरा थर जागचा हलत नाही. धंद्यातली माणसं त्याला भूत म्हणतात. फळ्यावर भूत काढून ती म्हणायची, "ह्याला घाबरा. भले भले ह्याच्या नादी लागलेत." पोरं हसायची आणि वहीत लिहून घ्यायची. त्या भल्या भल्यांमध्ये बाबा असतील हे मात्र तिच्या कधी मनात आलं नाही, कारण बाबा त्यांच्यातले नव्हतेच. बाबा म्हणजे कोरड्या तळ्याचे सर. हे तळं एकेकाळी ठणठणीत आटलं होतं, त्याचा तळ उन्हात भाजून कडक झाला होता, आणि तो कडक तळ आज गाळाखाली जसाच्या तसा आहे, हे बाबांनी सांगितलं आणि जगाने मानलं. आई तेव्हाच म्हणाली होती, "ह्यांना पाण्यातसुद्धा कोरडंच दिसतं." शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी चिकटवणारी तिची आई, बोटांना कायम खळीचा वास, आणि बोलणं हे असं, सुईसारखं. बाबा त्यावर खूष होऊन हसायचे. पाहुण्यांना सांगायचे, आमच्या हिला विनोदाची जाण फार.

एकदा एका परिषदेत मागच्या बाकावरून एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "सर, माफ करा, पण हे भूत तर नसेल ना?" सभागृहात सगळ्या माना मागे वळल्या. ती पहिल्या रांगेत, नुकतीच नोकरीला लागलेली, जीव मुठीत धरून बसलेली. बाबा ग्लासातलं पाणी सावकाश प्याले. मग म्हणाले, "अहो, भूत असतं तर इतकी वर्षं एका जागी बसलं असतं का? भुतं फिरतात. हा माझा थर दर वर्षी जिथल्या तिथे असतो. भुतापेक्षा सरकारी नोकरासारखा वागतो." सगळं सभागृह खदखदून हसलं. ते गृहस्थही हसले आणि खाली बसले. टाळ्या वाजवताना तिचे तळहात लाल झाले होते. आज त्या टाळ्या आठवून तिला लाज वाटली, आणि टक्कलवाल्यांचं तोंड आठवेना याची त्याहून जास्त.

थर जिथल्या तिथे असायचा कारण पाणी जिथल्या तिथे असायचं. आणि पाणी जिथल्या तिथे असायचं कारण बाबांचा नियम. लाल खुणेला पाणी लागल्याशिवाय नाव सोडायची नाही. काठावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर त्यांनी स्वतःच्या हाताने ती खूण रंगवली होती, आणि तळ्यावर पोचलं की सामान उतरवायच्या आधी ते खांबाकडे चालू लागायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. खाली असेल तर सगळ्यांनी परत फिरायचं. एकदा दिवसभराचा प्रवास करून गेलेली मंडळी चार बोटं पाणी कमी म्हणून परत आली होती. लोक कुरकुरायचे, पण घरी जाऊन कौतुकाने सांगायचे. परिस्थिती बदलली की तुलनेला अर्थ राहत नाही, असं बाबा म्हणत. आणि ते बरोबरच होतं, कुणीही हेच म्हणेल. नियम प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर गेला. तिने तो दरवर्षी नव्या पोरांना अभिमानाने सांगितला. दोन पिढ्या त्या खुणेला पाणी लागायची वाट बघत काठावर उभ्या राहिल्या. यंदा बाबा घरी, कमरेचं हाड मोडलेले, आणि थराचा तुकडा पहिल्यांदाच वर काढायला तळात भोक पाडायचं यंत्र ठरलेल्या दिवशी येणारच म्हणून तिने नाइलाजाने नियम मोडला. घरी सांगितलं नाही. ओरडतील म्हणून. पन्नाशीला आलेली बाई, आणि बाबा ओरडतील म्हणून लपवते. ह्याचं तिला त्या दिवशी नावेत बसून हसू आलं होतं.

पण हे सगळं ठीक होतं. माणूस चुकतो. शास्त्रातली चूक ही काही कुणाच्या जिवावर उठत नाही, असं ती कुणालाही समजावू शकली असती, आई मध्ये नसती तर. आईचं दुखणं हाताबाहेर गेलं तेच मुळी एका वर्षी तळं लाल खुणेपर्यंत भरलं तेव्हा. दवाखान्याच्या त्या खोलीत तिला आजही डोळे मिटून चालता येईल: खिडकीचं न लागणारं दार, त्यात अडकवलेली कागदाची घडी, पलंगाच्या दांडीवर रंग उडून दिसणारं लोखंड. आई दिवसभर त्या उडालेल्या रंगाच्या कडा नखाने सोलत पडलेली असायची. खालच्या गावांना पाणी हवं म्हणून तळ्याचा दरवाजा लवकर उघडणार होते. त्याच्या आत रेघा घ्यायला हव्या होत्या, नाहीतर अहवाल अपुरा. "तुम्ही जा बाबा, मी इथे थांबते," ती म्हणाली होती. बाबांनी तिला कॉरिडॉरमध्ये नेलं. आवाज खाली आणला. "कागदापाशी तूच हवीस. दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही." आणि मग, तिच्या खांद्यावर हात ठेवून, "आई समजून घेईल गं, असिस्टंट. पातळी थांबत नाही." लहानपणापासून ते तिला असिस्टंट म्हणत. त्या एका शब्दावर ती त्यांच्यामागून कुठेही गेली असती, आणि गेलीच. आत येऊन तिने पिशवी उचलली. आईने नख थांबवलं. "थांबशील का गं?" एवढंच म्हणाली. रडली नाही, हात धरला नाही. ती म्हणाली, "चार दिवसांत येते." आईने मान वळवली आणि पुन्हा रंग सोलायला लागली.

तेव्हाचं यंत्र कागद जाळून रेघ काढायचं. नावेच्या टपाखाली तो जळका वास, मनगटापर्यंत काजळी, आणि कानात ठोके. बाबा सुकाणूपाशी, ती कागदापाशी. थर नेहमीच्या जागी उमटायला लागला तेव्हा ती ओरडली होती, "आला बाबा!" आणि बाबांनी मागे न बघता हात वर केला होता. काठावर आली तर पंपघराचा चौकीदार फोन आल्याचं सांगत उभा होता. मावशीचा. सकाळीच गेली होती आई. म्हणजे ती 'आला बाबा' म्हणून ओरडली तेव्हा आई गेलेली होती, किंवा जात होती. हा हिशोब तिने पुढे कधीच पूर्ण केला नाही. घरी पोचली तेव्हा मावशीने तिला जवळ घेतलं नाही. तिच्या काळ्या मनगटांकडे बघून विचारलं, "सापडला का गं थर?" आजतागायत मावशी भेटली की तेच विचारते. आता त्यात राग उरलेला नाही, सवय उरली आहे. काय म्हणतोय तुमचा थर? बरा आहे ना थर? आणि ती दर वेळी म्हणते, आहे मावशी. आहे, हे तिचं एकमेव उत्तर होतं. थर होता म्हणून ते सगळं कशासाठी तरी झालं होतं. त्याच्यावर ती उभी होती, दुसरं काही तिच्या पायाखाली नव्हतं.

दारावर टकटक झाली आणि विभागप्रमुख आत आला. तिचाच विद्यार्थी, आता तिचा साहेब. तिच्यासमोर खुर्चीत बसायचं की उभं राहायचं हे त्याला अजून ठरवता आलेलं नव्हतं. "मॅडम, सोमवारचं सगळं झालं. तराफा आलाय, यंत्र चढवतायत. सरांची खुर्ची अगदी पुढे ठेवलीय, चाकाची खुर्ची नेता येईल अशी फळी टाकलीय. पत्रकार येतायत, जुने विद्यार्थी येतायत. फक्त जागा तेवढी पक्की सांगा, कुठे भोक पाडायचं." ती कागदांवर हात पसरून उभी होती. तो बिनधास्त होता, त्याला कागदाकडे बघायची गरजही वाटली नाही. "तुला काय वाटतं," तिने विचारलं, "लागेल?" तो हसला. "मॅडम, तुम्ही विचारताय? नाही लागला तर आम्ही सगळेच शिकलेलं विसरायला मोकळे." तिने संध्याकाळपर्यंत फोन करते म्हणून त्याला वाटेला लावलं. एक फोन पुरला असता. तराफा परत पाठवा, रेघा पुन्हा घ्याव्या लागतील, पाणी भरू दे. पाणी पुन्हा लाल खुणेला लागलं असतं, थर पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला असता, बाबा सन्मानाने जगले असते आणि सन्मानाने गेले असते. कुणाला काय कळणार होतं.

ती चालत घरी निघाली. अंगठा सुजून बुटात मावेना. फुटपाथवर नळदुरुस्तीवाल्यांनी खणलेल्या खड्ड्याभोवती लोक उगाच वाकून बघत उभे होते, तीही थोडा वेळ बघत उभी राहिली. खाली माती, तिच्याखाली आणखी माती. तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण रस्ताभर तिला राग येत नव्हता. दया येत होती. म्हाताऱ्याला कसं सांगायचं? आयुष्यभर एका चुकीला कवटाळून बसलेला माणूस, आणि ती चूक कुणी दाखवायची, तर असिस्टंटने. तिला त्यांचे दुमडलेल्या पँटमधले बारीक पाय आठवले, खांबापाशी वाकलेली पाठ. चुकले असतील. प्रामाणिकपणे चुकले असतील. चूक असेल तर माफ करता येईल, असं ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्यांनाही, आणि मग कदाचित त्या पिशवी उचलणाऱ्या पोरीलाही. दोघांनाही फसवलं ते पाण्याने. आईला हे चाललं असतं. आईने काहीतरी सुईसारखं बोलून सोडून दिलं असतं. कोपऱ्यावर आल्यावर तिने ठरवून टाकलं: आधी बाबांना सांगायचं, हळूहळू, बेताने, मग तराफा परत पाठवायचा. त्यांची शोभा करायची नाही.

बाबा खिडकीशी बसलेले होते, मांडीवर शाल, समोर स्टुलावर तिने सकाळी भरून ठेवलेला बिस्किटांचा डबा. "उशीर केलास," ते म्हणाले, "चहाची वेळ टळून गेली." तिने चहा ठेवला. दूध उतू जाईल म्हणून समोर उभी राहिली आणि वाक्यं जुळवत राहिली. पहिलं वाक्य नियम मोडल्याचं. त्यावर ते ओरडतील, ओरडू दे, ओरडून झाल्यावर थकतील. मग दुसरं, रेघा काढणाऱ्या यंत्राबद्दल. आणि थराचं सगळ्यात शेवटी, त्यांचा हात हातात घेऊन. कप त्यांच्या हातात देऊन ती समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसली. बाबांनी बिस्कीट चहात बुडवलं.

"बाबा, रागावू नका. यंदा रेघा घेतल्या तेव्हा पाणी लाल खुणेला नव्हतं. दरवाज्याच्या दुरुस्तीसाठी सोडलंय. दुसरा इलाज नव्हता."

ते ओरडले नाहीत. बिस्कीट चहातच राहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला राग दिसला नाही, आश्चर्य तर मुळीच नाही. दमलेल्या माणसाला अखेर बसायला जागा मिळावी तसं काहीतरी दिसलं.

"किती खाली होतं?"

"दीड मीटर."

"मग दीड मीटर वर आला असेल," बाबा म्हणाले.

तिने थराचा शब्दही काढला नव्हता. बिस्कीट मऊ होऊन तुटलं आणि कपात बुडालं. कुठेतरी खालच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप, शांतपणे, आपल्या जागी जाऊन बसायला लागली. भुतं फिरतात. खांबाकडे आधी चालू लागणारे पाय. चार बोटं पाणी कमी म्हणून मागे फिरवलेली माणसं. दरवाजा उघडायच्या आत उरकायची घाई. दुसरं कुणी कागदापाशी बसलेलं चालणार नाही. बरोबर, दुसऱ्या कुणाला शंका आली असती. तिला येणार नव्हती. त्यासाठीच तर तिला लहानपणापासून वाढवलं होतं.

"आई होती तेव्हाही माहीत होतं?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच साधा वाटला, भाजीचा भाव विचारावा इतका.

बाबा कपात बघत होते. "बिस्कीट पडलं बघ आत. चमचा दे जरा."

"बाबा."

"तेव्हा काय मागे फिरता येतं का गं?" ते चिडून म्हणाले. "एवढी माणसं, एवढं नाव. तू तरी कुठे असतीस मग?"

तिने उठून चमचा आणून दिला. ते बिस्किटाचा लगदा काढायला लागले, चहा बशीत सांडत होता. तिने नेहमीप्रमाणे बशी पुसली नाही. फोन उचलला, विभागप्रमुखाला लावला आणि त्यांच्यासमोरच म्हणाली, "जागा पक्की आहे. पंपघराच्या रेघेवर, बरोबर मधोमध. हो, सर येणार आहेत. गाडी लवकर पाठव, त्यांना चढायला वेळ लागतो."

तिने फोन ठेवला. मग बाबांनी चमचा खाली ठेवला. त्यांचा आवाज एकाएकी अगदी म्हातारा झाला होता.

"मला बरं नाही वाटत. सोमवारी घरी थांबशील का गं?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या तळ्यावर घालायच्या पँटला इस्त्री करायला आत गेली.